टाकीतलं तेल

अमरावती, राजापेठ
ता. ९ जानेवारी १९४७

चि. रविकांत यास चिंतामणकाकांचे आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात नवीन वाईट काही घडलेलं नाही. घडायचं ते भाद्रपदात घडून गेलं. हे पत्र मोटारसायकलीबद्दल आहे.

दिनकरची गाडी तो आजारी पडला त्या दिवशी जिथे लावली होती तिथेच, पडवीत उभी आहे. तुम्ही दोघं लष्कराच्या वर्कशॉपातून सुटून आलात आणि लष्करी विक्रीतून ती आणलीत तेव्हा मी दिनकरला म्हटलं होतं, की वकील बापाच्या घरी हे धूड कशाला. आता ते धूड तेल गाळत उभं आहे. खाली परात ठेवली आहे. सकाळी परातीत तळहाताएवढं काळं तेल साचलेलं असतं. ते बघितलं की मला राग येतो, आणि खरं सांगायचं तर सध्या मला येतो तो तेवढा एकच राग.

दर्यापूरचे पंजाबराव माझे जुने पक्षकार आहेत. भाजीचा मळा आहे, माल घेऊन इथल्या बाजारात येणं-जाणं असतं. त्यांना गाडी हवी आहे. येऊन चहूबाजूंनी बघून गेले. म्हणाले, "वकीलसायेब, गाडी तं झ्याक हाये, पण हे तेल काहून गयून राहिलं? गयती गाय अन् गयती गाडी मी दारात बांधत नाई." गळती थांबली की घेऊन जातो म्हणाले.

मला ती जायला हवी आहे. तुझ्या काकू दिवसभर बोलत नाहीत. विचारलं तर हो किंवा नाही. स्वयंपाक होतो, देवपूजा होते, वाढलेलं पान संपतं, पण घरात माणूस आहे असं वाटत नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की त्या पडवीत जातात आणि गाडीजवळ उभ्या राहतात. मी तिथे गेलो की आत येतात. मला वाटतं ही गाडी नजरेआड झाली तर त्या माणसांत येतील. वैद्याने दुसरा काही उपाय सांगितलेला नाही.

तू एक दिवस येऊन बघून जाशील का? अकोला काही लंकेत नाही. जमत नसेल तर निदान काय करायचं ते लिही. पाने, हातोडी, सगळं दिनकरच्या पेटीत आहे. फुलं आणि भाजी घालायला येणारा सहदेव मनगटाचा दणकट आहे, तो मदत करील.

तुझा,
चिंतामणकाका


अकोला, जुने शहर
ता. १४ जानेवारी

ती. काकांना रविकांतचा सा. नमस्कार.

आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही, यंदा तुमच्याकडे सण नाही हे लक्षात आहे.

शाळेत परीक्षा तोंडावर आल्या आहेत आणि शास्त्राचे दोन्ही वर्ग माझ्याकडे आहेत, त्यामुळे येणं कठीण दिसतं. पण हे काम तुम्हाला जमेल. दिनकर म्हणायचा, की गळतीत अक्कल लागत नाही, चिकाटी लागते.

आधी गळतं कुठून ते शोधा. तेल वाऱ्याने आणि उताराने भलतीकडेच पसरतं, म्हणून दिसतं तिथे गळत नसतं. इंजिन रॉकेलने स्वच्छ धुवा, फडक्याने कोरडं करा आणि वर खडूची भुकटी किंवा चाळलेली राख फुंका. दुसऱ्या दिवशी जिथून काळी रेघ निघाली असेल तिथला सांधा फुटला समजा.

बोल्टखाली तांब्याचे वायसर आहेत. ते दाबले जाऊन कडक होतात. टाकू नका. तांबटाकडे नेऊन लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतात. झाकणाखालचं कागदी पॅकिंग फाटलं असेल तर जाड तपकिरी कागदाचं नवीन कापा आणि बसवण्याआधी जवसाच्या तेलात भिजवा. जवसाचं तेल वाळलं की सांधा धरून ठेवतं.

तेलही बदलून टाका. या गाडीची तेलाची टाकी वेगळी असते, खोगिराच्या खाली, उजव्या हाताला. टाकीच्या बुडाचा बोल्ट काढला की सगळं उतरेल. आत तेलाची गाळणी आहे, नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, नळी घातलेली. ती काढून बघा. फार काळी असेल तर पुन्हा घालू नका.

काकूंना नमस्कार. त्या आधीही फार बोलत नसत, हे मी स्वतःलाच सांगून बघतो.

आपला,
रविकांत


अमरावती
ता. २ फेब्रुवारी

चि. रविकांत यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी ओटीवर बसून मोठ्याने वाचलं, सहदेवला कळावं म्हणून. वाचता वाचता वर बघितलं तर तुझ्या काकू दाराशी येऊन ऐकत होत्या. पत्र संपेपर्यंत उभ्या होत्या. कोणाचंही पत्र ऐकायला त्या आल्या असं गेल्या कित्येक महिन्यांत घडलेलं नाही. मी वाचत राहिलो. बोललो असतो तर गेल्या असत्या.

आता कामाचा जबाब. गाडी धुतली. राख फुंकली. सकाळी बघितलं तर एका सांध्यातून रेघ निघाली असेल तर शपथ. सगळ्याच सांध्यांतून निघाली होती. इंजिनावर एक बारीक नळी आहे, हवा सुटायची म्हणतात ती, तिच्यातूनसुद्धा. सहदेव बघून म्हणाला, "सायेब, हे गाडी नाई, हा तं झिरा हाये." वाळूत खणलेला तो पाझरता खड्डा डोळ्यांपुढे आला आणि, एवढ्यात हसलो नव्हतो, तेव्हा हसलो. मग घरात हसल्याचा आवाज झाला म्हणून गप्प बसलो.

वायसर तांबटाकडून भाजून आणले. पॅकिंग कापलं, जवसात भिजवलं, बसवलं. माझ्या धोतराला अजून वास आहे. टाकीतलं तेल काढलं, नवीन डबा आणून भरलं. उरलेला डबा माझ्या कपाटात कुलपात ठेवला आहे, नाहीतर सहदेव त्याच्या मोटेच्या चाकाला घालील. गाळणीचा नमदा डांबरासारखा झाला होता, तो टाकून दिला.

तिथेच अडलो आहे. तसला नवीन नमदा इथे मिळत नाही. सायकलच्या दुकानात बारीक पितळी जाळी मिळते. सहदेवचं म्हणणं, टांग्याच्या घोड्याच्या खोगिराखालचा नमदा कापून नळी शिवू, घोड्याला चालतो तर गाडीला का नाही. दोन्ही पक्षांची बाजू मी ऐकली आहे. निकाल तू दे. तोवर गाळणीशिवायच ठेवली आहे.

आणखी एक. तेल गळतं हे खरं, पण टाकी कधी बघावी तर काठोकाठ. इतकं गळून कमी होत नाही म्हणजे मोठीच टाकी दिसते.

तू येण्याबद्दल काही लिहिलं नाहीस.

चिंतामणकाका


अकोला
ता. ७ फेब्रुवारी

ती. काकांना सा. नमस्कार.

घोड्याचा नमदा मुळीच नको. त्याचे केस सुटतात, तेलाबरोबर इंजिनात जातात आणि बारीक भोकांत अडकतात. धुळीपेक्षा ते वाईट. चांगला दाबलेला नमदा सर्वांत उत्तम, पण तो मिळत नाही तर पितळी जाळीच घ्या. जाळीचे दोन पदर गुंडाळून नळी करा आणि वरून जुन्या मलमलीचा एक पदर सुताने बांधा. नवीन मलमल नको, तिला खळ असते. जाळी मोठं तेवढं अडवते, बारीक मलमल अडवते. दर महिन्याला काढून रॉकेलमध्ये धुवायची. आपल्या वर्कशॉपात नमदे संपले तेव्हा दिनकरनेच ही युक्ती काढली होती. साहेबाच्या धोब्याकडून मलमल आणली होती.

टाकी भरलेली दिसते हे मात्र पटत नाही. गळणारी टाकी भरलेली राहत नसते. तुम्ही तोंडातून डोकावून बघत असाल, काळ्या तेलात काही कळत नाही. स्वच्छ काडी बुडवून मोजा. उन्हाळा येतो आहे, तेल पातळ होईल आणि गळती वाढेल, तेव्हा पुढच्या वेळी जास्त घट्ट तेल घ्या.

मी येण्याबद्दल लिहिलं नाही, कारण लिहायला काही नाही. परीक्षा आहेत.

रविकांत


अमरावती
ता. २८ मार्च

चि. रविकांत यास आशीर्वाद.

मधे पत्र पाठवलं नाही, कारण सांगण्यासारखं चांगलं होतं आणि चांगलं सांगायची सवय मोडली आहे. जाळी आणि मलमल तू सांगितलीस तशी बसवली. मलमल तुझ्या काकूंनी दिली. मी मागितली नव्हती, जुन्या लुगड्याचा तुकडा आपणहून पाटावर आणून ठेवला. त्यानंतर आठवडाभर परात कोरडी होती. मी पंजाबरावांना निरोप धाडला.

ते होळीनंतर आले, दोन माणसं घेऊन. तोवर थेंब पुन्हा सुरू झाले होते, तरी मी म्हटलं येऊ द्या. पंजाबरावांनी किक मारली. पाय खाली जाईना. दगडावर पाय दिल्यासारखं. पुन्हा जोर लावला तर त्या हवेच्या नळीतून तेलाची चूळ निघाली आणि त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडली. माणूस भला, रागावले नाहीत. हात पुसत म्हणाले, "वकीलसायेब, इचं पोट फुगलं हाये. आखाजीपावतर पायतो मी. तवापावतर झाली बरी तं नेतो, नाई तं तुमची तुमाले लखलाभ." अक्षय्य तृतीयेपर्यंतची ही मुदत आहे. एवढी उघड मुदत मला कोर्टानेही कधी दिली नाही.

काडी बुडवून मोजलं. टाकी भरलेली आहे. तू मला खोटं पाडलंस, काडीने तुला पाडलं.

गाळणी पुन्हा उघडली. महिनाभरात जाळीवर पिवळट, चिकट थर बसला आहे, रॉकेलने निघत नाही. परातीला मुंग्या लागतात. काळ्या तेलाला मुंग्या लागलेल्या मी आयुष्यात बघितल्या नाहीत. माझे कारकून शेषराव कोर्टाच्या कामाला अकोल्यास येत आहेत, त्यांच्याबरोबर ती गाळणी डब्यात घालून पाठवत आहे. तिची साक्ष तूच घे.

शेजारच्या सत्यभामाबाई म्हणतात, यांना माहेरी पाठवा, हवापालट होईल. विचारलं. "नाही," म्हणाल्या. मी त्यांना दोष देत नाही. मीही कोर्टात उभा राहतो, मुद्दे मांडतो, घरी येतो, आणि संध्याकाळी काय बोललो ते आठवत नाही. लोक म्हणतात वकीलसाहेबांनी धीराने घेतलं. धीर वगैरे काही नाही. पाय झोपी जातो तसा माणूस झोपी गेला आहे.

तू का येत नाहीस ते मी विचारणार नाही. पण ये.

चिंतामणकाका


अकोला
ता. १ एप्रिल
(शेषरावांच्या हाती)

ती. काकूंना रविकांतचा नमस्कार.

हे पत्र मी शेषरावांना तुमच्याच हातात द्यायला सांगितलं आहे. काकांपासून लपवण्यासारखं त्यात काही नसेल, पण आधी तुम्हाला विचारावं असं वाटलं.

काकांनी पाठवलेली गाळणी मी उघडली आणि नाकाशी धरली. त्या थराला जवसाच्या तेलाचा वास आहे. मलमल तर सुतारानं रोगण फिरवल्यासारखी कडक झाली आहे. पॅकिंगला लावलेलं चमचाभर जवस इतकं करणार नाही. टाकीत कोणीतरी जवसाचं तेल ओततं आहे, आणि बरंच ओततं आहे. म्हणूनच ती कधी रिकामी होत नाही. इतके दिवस मी काकांना वेडं ठरवत होतो.

काका ओतणार नाहीत, त्यांना ती गाडी घालवायची आहे. सहदेव सांगितल्याशिवाय बोट लावणार नाही. तिन्हीसांजेला गाडीजवळ तुम्ही असता.

काकू, मी रागावून विचारत नाही. मला फक्त कळायला हवं, म्हणजे काय करायचं ते ठरवता येईल.

आपला,
रविकांत


अमरावती
ता. ६ एप्रिल

चि. रविकांत यास आशीर्वाद.

लिहायची सवय गेली आहे. अक्षर लावून घे.

हो, मीच घालते. दिनकरला ताप भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "आई, मी उठेपर्यंत टाकीतलं तेल बघशील. कमी होऊ देऊ नको, कोरडी पडली तर इंजिन धरतं." मी हो म्हटलं. मग त्याची शुद्ध हरपली. तापात पुष्कळ बडबडला, पण मला सांगितलेलं असं तेवढंच.

मी रोज देवापाशी दिवा लावला की समईत तेल घालते, मग पडवीत जाऊन टाकीचं झाकण उघडते. रोज कमी झालेलं असतं. मग घालते. त्याचा डबा होता तो माघात संपला. नवीन डबा यांच्या कपाटात, कुलपात. मागितला असता तर कशाला म्हणून विचारलं असतं. तुझं पत्र यांनी वाचलं त्यात जवसाचं तेल होतं. गाडीला ते चालतं असं मी समजले. जवस घरात असतोच.

हे म्हणतात गाडी गेली की मी बोलेन. माझं मौन नाही रे. बोलायला काही येत नाही एवढंच. सकाळपासून काही वाटत नाही. तेल घातलं की आजचं काम झालं, एवढं वाटतं. ते झालं की आत येते.

मी त्याची गाडी बिघडवली का? बिघडवली असेल तर मला खरं लिही. यांना तू सांग. मला सांगता येणार नाही.

काकू


अकोला
ता. १० एप्रिल

ती. काका आणि ती. काकू यांना सा. नमस्कार.

हे पत्र दोघांना आहे. काकांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचावं.

गाडी बिघडलेली नाही. हे आधी लिहितो.

चूक माझी झाली. तुम्ही गळती लिहिलीत आणि मी वायसर, पॅकिंग, गाळणी सांगत बसलो. गाडी भाद्रपदापासून एकदाही चालू झालेली नाही ही गोष्ट मला ठाऊक असून सुचली नाही. मी ती गाडी डोळ्यांपुढे आणायचो तेव्हा दिनकर तिच्यावर बसलेला असायचा. उभी असलेली गाडी माझ्या डोळ्यांपुढे आलीच नाही. मी ती येऊ दिली नाही.

या गाडीत तेल टाकीतून इंजिनात जातं आणि पंप ते पुन्हा टाकीत आणून टाकतो. इंजिन बंद असलं की तेल पंपातून हळूहळू खाली झिरपतं आणि इंजिनाच्या पोटात साचतं. परत आणायला कोणी नसतं. वरून बघणाऱ्याला टाकी कमी झालेली दिसते. ते तेल गेलेलं नसतं, खाली असतं. पण बघणारा वर आणखी घालतो. तेही खाली उतरतं. पोट भरलं की सापडेल त्या सांध्यातून बाहेर पडतं. मग वायसर बदलून काय होणार? अशा गाडीला एकच औषध, तिला चालवायचं. वर्कशॉपात आम्ही नवीन पोरांना हे पहिल्या दिवशी सांगायचो.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्यास उतरून येतो. रॉकेल, दोन पराती आणि कपाटातला डबा काढून ठेवा. पेट्रोलची कुपनं मी इथल्या एका डॉक्टरांकडून मिळवली आहेत.

आजवर आलो नाही, कारण तुमच्या दारात पाऊल टाकलं की तो बाहेर येणार नाही हे मला दिसणार होतं. अकोल्यात राहून ते दिसत नव्हतं. परीक्षा केव्हाच आटोपल्या.

रविकांत


अमरावती
ता. २४ एप्रिल

चि. रविकांत यास आशीर्वाद.

पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. मूर्तिजापूरच्या पुढे रस्ता खराब असूनही गाडीने त्रास दिला नाही हे वाचून बरं वाटलं.

त्या रविवारी तुला बरंच दिसलं नाही, कारण तू इंजिनाखाली आडवा होतास. म्हणून लिहितो.

तू खालचा बोल्ट काढलास आणि पहिली परात भरली, दुसरी भरली, सहदेव बादली आणायला धावला. काळं तेल आधी आलं, मागून पिवळं. तुझ्या काकू दारात होत्या. ते पिवळं बघून त्या एक पायरी खाली उतरल्या. मला वाटलं फरशीचे डाग बघायला आल्या. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. तुझ्या पत्रातला "बघणारा वर आणखी घालतो" मी मोठ्याने वाचला होता आणि तो बघणारा कोण याचा विचारही केला नव्हता. चाळीस वर्षं उलटतपासणी करून ही अक्कल.

मग तू नळ्या फुंकल्यास, नवीन गाळणी बसवलीस, नवीन तेल घातलंस, किक मारलीस. आवाज झाला तेव्हा मी ओटीच्या खांबाला धरून उभा होतो. पडवीभर निळा धूर झाला. सत्यभामाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. तो आवाज शेवटचा ऐकला तेव्हा मी आतून ओरडलो होतो, की अशिलाशी बोलू तरी देशील का. ते आठवलं.

तू इंजिनाखाली वाकलेला, तिथूनच ओरडलास, "काकू, झाकण उघडून बघा, तेल परत येतंय का?"

माझ्याकडे न बघता, सहदेवकडे न बघता तू त्यांना सांगितलंस. त्या गेल्या. पदर सावरून टाकीवर वाकल्या. मी त्यांच्या मागे होतो, मलाही दिसलं. टाकीच्या आत वरच्या बाजूला एक लहान नळी आहे, तिच्यातून तेल थांबत थांबत येत होतं आणि खाली पडत होतं. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येऊन राहिलं." तू ऐकलंस की नाही कोण जाणे. पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने, "आपलं आपण येऊन राहिलं."

तू गाडी घेऊन एक चक्कर मारायला गेलास तेव्हा त्या पायरीवर बसल्या आणि मला सगळं सांगितलं. दिनकर काय म्हणाला ते, डबा, जवस, सगळं. मला म्हणाल्या, "मी रोज घालत होते हो. माझं ते कमीच पडत होतं." मग रडल्या. आजपर्यंत रडल्या नव्हत्या, जाळून आलो त्या दिवशीही नाही. मीही रडलो, सहदेवच्या देखत. आणि तुला सांगतो, मला हेवा वाटला. शेवटचं काम त्याने तिला सांगितलं. मी तिथेच खुर्चीवर होतो आणि मला काही सांगितलं नाही.

गाडी तू घेऊन जा असं मी म्हटलं तेव्हा तू नको म्हणालास. तुझं नको मी ऐकलं नाही ते बरं केलं. आखाजीला पंजाबराव आले. पडवी रिकामी बघून उभेच राहिले. गाडी चालवली नाही तर गळते, म्हणून ती चालवणाऱ्याकडे दिली, असं मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "मंग मी काय तिची पूजा मांडणार होतो? मीबी चालवीनच ना." हरकत बिनतोड होती. तुझ्या काकूंनी आतून येऊन त्यांना आखाजीचं पान वाढलं आणि विचारलं, घरी पोरंबाळं कशी आहेत. पंजाबराव बघतच राहिले, मग माझ्याकडे बघून जेवायला बसले. गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही.

घर बरं झालं असं लिहिणार नाही. दिवस तसेच जातात. पण काल भाजीत मीठ जास्त झालं तर त्याच आधी म्हणाल्या.

ठरल्याप्रमाणे महिन्यातून एका रविवारी गाडी घेऊन ये. दोन ओळी त्यांनाही लिहायच्या आहेत म्हणाल्या, म्हणून खाली जागा सोडतो.

चिंतामणकाका


चि. रविकांत यास आशीर्वाद.

पडवीतली फरशी घासून घेतली. डाग गेला नाही. परात कल्हई करून स्वयंपाकात घेतली.

तिन्हीसांजेला दिवा लावला की पाय अजून पडवीत जातात. तिथे जाऊन काय करावं ते सुचत नाही. थोडी उभी राहते.

तू येशील त्या दिवशी दारात आल्यावर इंजिन बंद करू नको. झाकण मी उघडीन.

काकू